सीझरची बायको

मंत्र्यावर आरोप झाला की दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात सीझरची बायको हजर. ती संशयातीत असली पाहिजे, असं बजावून राजीनामा मागायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. या बाईचं नाव पाँपेया. हुकूमशहा सुल्लाची नात. मूळ वाक्य मात्र राजीनाम्यासाठी नव्हे, साक्ष टाळण्यासाठी उच्चारलेलं.

इ. स. पूर्व 62 चा डिसेंबर. सीझर तेव्हा रोमचा मुख्य पुरोहित. बोना देआ या देवीची रात्रीची पूजा त्याच्या घरी होती. पूजा फक्त बायकांची. घरधन्यानंही त्या रात्री बाहेर राहायचं. प्लुटार्कनं लिहिलंय, की पाँपेयावर डोळा असलेला क्लोडियस हा तरुण उमराव वादक मुलीचा वेश घेऊन आत शिरला. दासी मालकिणीला वर्दी द्यायला गेली ती परतेना, म्हणून स्वारी घरभर भटकू लागली. सीझरच्या आईच्या दासीनं त्याला खेळायला ओढलं. तो नको म्हणाला, आणि आवाजानंच घात केला. आई ऑरेलिया खमकी. तिनं पूजेच्या वस्तू झाकल्या, दारं लावून घेतली आणि दिवट्या घेऊन त्याला हुडकून काढलं.

सीझरनं बायकोला सोडलं. रोममध्ये त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नसे, निरोप धाडला की झालं. पण पुढच्या वर्षी क्लोडियसवर खटला उभा राहिला, तेव्हा सीझर म्हणाला, मला काही ठाऊक नाही. मग बायको का टाकलीत? त्यावर ते प्रसिद्ध उत्तर: माझ्या बायकोवर संशयही येता कामा नये. म्हणणारा कोण, तर ब्रूटसच्या आईशी ज्याचे संबंध गावभर चर्चेत होते तो! पण क्लोडियसच्या पाठीशी लोक होते, आणि त्यांना दुखवणं सीझरला परवडणारं नव्हतं.

क्लोडियस म्हणाला, त्या दिवशी मी रोममध्ये नव्हतोच. प्रसिद्ध वक्ता सिसेरोनं मात्र साक्ष दिली की त्याच दिवशी तो माझ्याच घरी आला होता. पंचांनी पैसे खाल्ले. 25 जणांनी दोषी ठरवलं, 31 जणांनी सोडलं. पंचांनी आधी संरक्षणासाठी पहारा मागितला होता. निकालानंतर ज्येष्ठ सिनेटर कॅटुलसनं त्यांना विचारलं, पहारा लाचेच्या पैशांसाठी हवा होता काय?

इ. स. पूर्व 59 मध्ये सीझर कॉन्सल झाला आणि त्यानं कॅल्पुर्नियाशी लग्न केलं. त्याच वर्षी, क्लोडियसला सामान्यांच्या वर्गातून निवडणूक लढवता यावी म्हणून, एका सामान्य घरात त्याचं दत्तकविधान उरकायला सीझरनंच हातभार लावला. दत्तक बाप मुलापेक्षा वयानं लहान होता.