न निघालेल्या अंकाची गोष्ट

दिवाळीत एक सकाळ अशी येते की दाराशी वर्तमानपत्र पडत नाही. आदल्या रात्री छापखान्याला सुट्टी असते. फराळाचे ताट पुढे ओढून घरातले वडील माणूस सवयीने दाराकडे पाहते, मग आपल्याच विसराळूपणाला हसते आणि दिवाळी अंक हातात घेते. वर्तमानपत्राशिवायचा तो दिवस सुखाचा असतो. बातम्या नाहीत याचा अर्थ त्या दिवशी एवढाच की छापणारी माणसेही आपापल्या घरी लाडू खात आहेत.

पण आपल्या देशात एक सकाळ अशीही उगवली होती की सण नव्हता, सुट्टी नव्हती, आणि तरी पुष्कळ वृत्तपत्रे निघाली नाहीत. ती तारीख होती ६ जानेवारी १९४३. त्या न निघालेल्या अंकांच्या मुळाशी विदर्भातले एक गाव होते, उपास करणारा एक फकीर वृत्तीचा माणूस होता, आणि एरवी एकमेकांवर शाई उडविणाऱ्या संपादकांची एक संघटना होती.

ही संघटना कशी जन्मली हे समजायला थोडे मागे गेले पाहिजे. आपल्याकडे पत्रकारितेचा इतिहास हा फार दिवस एकेकट्या माणसांचा इतिहास होता. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि एकशे एक दिवस राहिले. १८९७ साली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ साली सहा वर्षांची, आणि तीही मंडालेची. त्याच साली ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपेही तुरुंगात गेले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, सभा भरविल्या, निधी जमविले. पण खटल्याच्या पिंजऱ्यात उभा राही तो एकटा संपादक. शेजारच्या छापखान्यातला दुसरा संपादक हळहळे, एखादा निर्भीड अग्रलेखही लिही, आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. त्यात त्याचा भ्याडपणा होता असे म्हणवत नाही. एकट्याने उडी घेऊन काय होते, हे त्याला दिसत होते.

पुढे सरकारला एक युक्ती सापडली. संपादकाला तुरुंगात टाकले की तो लोकांचा देव होतो. त्यापेक्षा त्याच्या गल्ल्याला हात घातलेला बरा. १९१० च्या छापखाना कायद्याने नव्या छापखानदाराकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तो जप्त झाला की पुढचा जामीन हजारापासून दहा हजारांपर्यंत. खटला नाही, साक्षीपुरावा नाही, गाजावाजा नाही. गावोगावची लहान पत्रे अशी गुपचूप मिटत गेली. हुतात्मा होण्याचे समाधानही त्यांच्या वाट्याला आले नाही.

या मुक्या मरणांचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो एका संघटनेने. पहिल्या महायुद्धाच्या काळात ‘प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया’ निघाली होती. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन हे तिच्या धुरिणांपैकी एक. जन्माने इंग्रज, पण लेखणीने आपले. म्हणून तर १९१९ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. या संघटनेने सरकारपुढे आकडे ठेवले: सुमारे साडेतीनशे छापखाने आणि तीनशे वृत्तपत्रे या कायद्याच्या तडाख्यात सापडली आहेत, पाचशेहून अधिक प्रकाशने जप्त झाली आहेत. एकेका गावात ती एकेक दुर्घटना होती. एका कागदावर उतरताच तो जुलूम झाला. १९२२ साली हा कायदा रद्द झाला. त्याला कारणे अनेक होती, पण संघटनेने जपलेली ही खतावणीही त्यांत होती.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या ऑक्टोबरात पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला, आणि महिनाअखेरच्या आत सरकारचा हुकूम निघाला की युद्धकार्याला विरोध माजेल असा कोणताही मजकूर, मग तो आडवळणाने का होईना, छापता येणार नाही. या आडवळणात काय बसणार नाही? तेव्हा १० नोव्हेंबर १९४० रोजी ठिकठिकाणचे संपादक दिल्लीत जमले आणि अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद स्थापन झाली. मद्रासच्या ‘हिंदू’चे कस्तुरी श्रीनिवासन हे तिचे पहिले अध्यक्ष. परिषदेने सरकारशी बोलणे केले. सरकारने हुकूम मागे घेतला. संपादकांनी युद्धकार्यात अडथळा न आणण्याची हमी दिली. आणि वादाची प्रकरणे आधी विचारात घेण्यासाठी दिल्लीत व प्रांतोप्रांती सल्लागार समित्या नेमल्या गेल्या.

हा सौदाच होता, आणि तो सर्वांना रुचला नाही. ज्या सरकारच्या तुरुंगात देशाचे पुढारी आहेत त्याच्याशी एका मेजावर बसून समित्या कसल्या करता, असे विचारणारे पुष्कळ होते. प्रश्न चुकीचा नव्हता. १९४२ चा ऑगस्ट आला तेव्हा तो अधिकच बोचू लागला. ८ ऑगस्टला सरकारने आंदोलनाच्या बातम्यांवर निर्बंध घातले. सरकारी किंवा सरकारने मान्य केलेल्या मार्गाने येईल तेवढेच छापायचे. लखनौच्या ‘नॅशनल हेराल्ड’सारखी पत्रे बंद पडली, गांधीजींचे ‘हरिजन’ बंद झाले. जी पत्रे चालू राहिली, त्यांना उत्तर द्यावे लागणार होते: चालू राहून तुम्ही करता काय?

हे उत्तर चिमूरने मागितले.

चिमूर हे त्या वेळच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातले गाव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने ते आधीच जागे झालेले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा तरुण त्यात पडला. लोक खवळले आणि त्या आगीत सरकारी अधिकारी मारले गेले. हे घडले ते लपविण्याचे कारण नाही. पण तीन दिवसांनी गोऱ्या सैनिकांसह फौज गावात शिरली आणि त्यानंतर जे झाले ते फार निराळे होते. पुरुष पकडून नेलेले, घरात बायकापोरे. नागपुरातून काही भगिनी चिमूरला जाऊन आल्या, डॉ. मुंजे जाऊन आले; तिथल्या स्त्रियांनी आपल्यावर झालेले अत्याचार त्यांना सांगितले. ज्या काळी अशी गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगणे अवघड, त्या काळी त्या बायाबापड्या बोलल्या. सरकारने चौकशी नाकारली.

सेवाग्राम आश्रमात प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी राहत होते. विलक्षण माणूस. पूर्वी मौनव्रत पाळताना चुकूनही शब्द निघू नये म्हणून त्यांनी आपले ओठ तारेने शिवून घेतले होते. ते दिल्लीला लोकनायक अण्यांच्या दारी गेले; अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. चौकशी करा, एवढीच त्यांची मागणी होती. तिथून त्यांना धरून परत आणण्यात आले. मग त्यांनी चिमूरची वाट धरली, आणि ११ नोव्हेंबरपासून अन्न वर्ज्य केले.

उपास हे शस्त्र मोठे विचित्र आहे. तो कोणी पाहिला नाही, ऐकला नाही, तर तो निव्वळ उपासमार ठरतो. सरकारला हे पक्के ठाऊक होते. त्याने चिमूर आणि भन्साळी या दोन्ही बातम्यांवर बंदी घातली. ज्याने एकदा आपले ओठ आपण शिवले होते, तो आता बोलू पाहत होता; आणि सरकारने त्याच्यासाठी साऱ्या देशाची वर्तमानपत्रे शिवून टाकली.

अशा वेळी एखाद्या पत्राने बंदी मोडून बातमी छापली असती तर दुसऱ्या दिवशी त्या पत्राला टाळे लागले असते, आणि भन्साळींबरोबर तेही गेले असते. शाळेत आम्ही हे रोज पाहतो. खोडी करणाऱ्या एकट्या मुलाला बाकावर उभे करता येते. सारा वर्गच मुकाट्याने उभा राहिला की मास्तरांपुढे पेच पडतो. संपादक परिषदेने डिसेंबरात तसेच केले. तिने ठरविले की ६ जानेवारीला हरताळ पाळायचा, अंक काढायचा नाही. त्याखेरीज बंदी उठेपर्यंत सरकारच्या नववर्षाच्या पदव्यांची यादी छापायची नाही, लाटसाहेबांच्या बंगल्यावरून येणारी पत्रके छापायची नाहीत, आणि सरकारातल्या मंडळींच्या भाषणांतला प्रत्यक्ष निर्णयांपुरता भाग सोडून बाकी काही छापायचे नाही.

यातली गंमत आज चटकन ध्यानात येणार नाही. वर्षभर साहेबाच्या मागेपुढे करून ज्याने रावबहादुरकी मिळविली, त्याचे नावच छापून आले नाही तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळणार कसे? दरबारच्या मेजवानीला कोण आले हे पेपरात नसेल तर मेजवानीची चव काय? सरकारने एका उपासाची बातमी दडपली होती. संपादकांनी सरकारची शोभाच दडपून ठेवली.

पण हे फुकट झाले नाही. एका दिवसाचा अंक बुडाला म्हणजे एका दिवसाची विक्री आणि जाहिराती बुडाल्या. मोठ्या पत्राला ते सोसले असेल, लहानाला जड गेले असेल. आणि अंक न काढणे हे लिहिणाऱ्या माणसाला किती टोचते, हे लिहिणाऱ्यालाच कळते. तरीही त्या दिवशी देशातल्या पुष्कळ पत्रांनी आपले यंत्र थांबविले.

या तारखेत एक योगायोग दडलेला आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले; आज महाराष्ट्रात तो पत्रकार दिन म्हणून पाळतात. ज्या दिवशी मराठी वृत्तपत्र पहिल्यांदा बोलले, त्याच दिवशी, एकशे अकरा वर्षांनी, हिंदुस्थानातली वृत्तपत्रे ठरवून गप्प राहिली. आणि त्या गप्प राहण्याने ती जेवढे बोलली, तेवढे क्वचितच बोलली असतील.

१२ जानेवारीला बंदी उठली. कन्हैयालाल मुनशी आणि डॉ. खरे यांच्या मध्यस्थीने भन्साळींनी त्याच दिवशी त्रेसष्ट दिवसांचा उपास सोडला.

म्हणून सारे गोड झाले असे मात्र नाही. भन्साळींनी मागितलेली चौकशी त्या सरकारने कधीच केली नाही. चिमूरच्या त्या भगिनींना न्याय मिळाला नाही. बातमी म्हणजे न्याय नव्हे; बातमी हा न्यायाचा उंबरठा असतो. पण चिमूर हे नाव आता देशभर पोहोचले होते. पुढे चिमूर-आष्टीच्या आरोपींना फाशीच्या शिक्षा झाल्या, तेव्हा अनसूयाबाई काळे यांनी त्यांच्यासाठी जिवाचे रान केले. आणि १९४५ साली उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या. ज्या गावाचे नावच कोणाला ठाऊक नाही, त्या गावच्या पोरांसाठी देश हळहळला असता का?

या कथेला एक शेपूट आहे, आणि ते सांगितल्याखेरीज लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परिषद संपादकांची होती. रात्रपाळीत तारा उलगडणारा उपसंपादक, पावसात भिजत सभेचे वृत्त आणणारा बातमीदार, यांना तिथे कुठली खुर्ची? ज्याची नोकरी उद्या सकाळी एका चिठ्ठीने जाऊ शकते, त्याने खरे लिहावे कोणत्या बळावर? १९५० साली श्रमिक पत्रकारांनी आपला स्वतंत्र महासंघ काढला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ साली आला, आणि १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. संपादकाला काढायचे तर सहा महिन्यांची आणि इतर पत्रकाराला काढायचे तर तीन महिन्यांची सूचना, कामाचे बांधलेले तास, ग्रॅच्युइटी असे त्यात होते. रुक्ष कलमे! पण अग्रलेखातल्या स्वातंत्र्याचे पाय याच कलमांवर टेकलेले असतात. सरकारच्या धाकापासून वाचलेला पत्रकार मालकाच्या धाकाने गप्प बसला, तर वाचकाच्या पदरात काय पडले?

संघटना शूर असते असे नाही. पुष्कळदा ती सौदे करते, समित्या नेमते, ठरावांत शब्द घोळवते. संपादक परिषदेनेही ते केले. पण एकट्या शूर माणसाचे पत्र एका रात्रीत बंद पाडता येते. शंभर साध्या माणसांनी एक दिवस आपापले पत्र आपण होऊन बंद ठेवले, की बंद पाडणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या पानावरचे थोडे सोडायला हवे, एवढीच अट.

यंदाच्या दिवाळीत ज्या सकाळी वर्तमानपत्र येणार नाही, त्या सकाळी मुलांनी विचारलेच, तर त्यांना चिमूरची ही हकीकत जरूर सांगावी. एरवी उद्या पेपर येणार ही आपली खात्री असते. ती खात्री कोणी कोणी आणि काय सोडून आपल्याला मिळवून दिली, हे घरातल्या मुलांना ठाऊक असलेले बरे.