तडीपाराच्या यादीतला नाणीवाला

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 57 वाचताना मी एका आकड्यापाशी अडखळलो. पूर्वी शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसंच काही करील असं वाटलं, तर त्याला हद्दीबाहेर काढता येतं. कोणत्या गुन्ह्यांतली शिक्षा? मुख्यतः भारतीय दंड संहितेच्या प्रकरण 12, 16 आणि 17 मधली. सोळावं खून-मारामारीचं, सतरावं चोरी-दरोड्याचं; बारामती-इंदापूरच्या कुठल्याही ठाणे अंमलदाराला तोंडपाठ. पण बारावं खोटी नाणी पाडणाऱ्यांचं आणि नकली स्टॅम्पचं! 1951 च्या या कायद्यात रेकॉर्डवरच्या गुंडांच्या पंगतीला हा नाणीवाला कोणी बसवला?

माझ्या मते 1860 च्या दंड संहितेच्या कलम 75 ने. प्रकरण 12 किंवा 17 मधल्या, तीन वर्षं वा जास्त कैदेच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर थेट जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. जोडी तीच, बारा आणि सतरा. पोलीस कायद्याने ती उचलली आणि मध्ये सोळा घातलं. मधली कडी मुंबई शहराच्या 1902 च्या पोलीस कायद्यात असणार, असा माझा अंदाज. नव्या न्याय संहितेत कलम 75 चं कलम 13 झालं, नाण्यांचं प्रकरण दहावं झालं. जोडी काही फुटली नाही.

तडीपारी हे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचंच पिल्लू, असं कोणी म्हणेल. पोलिसी संशयाची जातकुळी एक, हे मान्य. पण तो कायदा जन्मावरून माणसाला एका जागी डांबायचा. हा माणसाच्या करणीवरून त्याला हाकलतो.

हाकलणार कुठे? बारामतीच्या दक्षिणेला नीरा. पलीकडचं फलटण 1948 पर्यंत निंबाळकरांचं संस्थान, म्हणजे नदी ओलांडली की इंग्रजी अंमल संपला. आज पलीकडे सातारा जिल्हा आणि कायदा तोच. म्हणून आदेशात लगतचे भागही घालता येतात. इंदापूरकराला एका बाजूला नीरा, दुसऱ्या बाजूला भीमा. दोन्हींपलीकडे सोलापूर जिल्हा.

मुदत फार तर दोन वर्षं. त्याआधी परवानगीशिवाय परतला, तर कलम 142: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, लेखी कारण दिल्याशिवाय सहा महिन्यांच्या खाली नाही. गंमत अशी की जुन्या शिक्षांनी माणूस हद्दपार होतो, पण परतण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा त्यांनी वाढत नाही. कलम 75 इथे लागूच पडत नाही; गुन्हा त्या प्रकरणांतला नाही, शिक्षाही तीन वर्षांची नाही. कलम 56 खाली तर शिक्षा झालेली असायचीही गरज नाही; माणूस हिंसेचे किंवा त्याच प्रकरणांतले गुन्हे करतोय असं मानायला सबळ कारण आहे आणि साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, एवढी प्रांताधिकाऱ्यांची खात्री पटली तरी भागतं. पाच शिक्षांचा धनी आणि एकही शिक्षा नसलेला, दोघांना कमाल मर्यादा एकच.

फरक पडतो तो सहा महिने आणि दोन वर्षं यांच्या मधल्या पट्ट्यात. सरकारी वकील जुना रेकॉर्ड पुढे करतो. बचावाचा वकील म्हणू शकतो, याच गुन्ह्यांपायी अशिलाने घर सोडलं, आता त्यांचाच हिशेब दुसऱ्यांदा का? मला हा युक्तिवाद वजनदार वाटतो. जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तडीपारी हा अपवादात्मक उपाय असल्याचं सांगून, कारण न देता पूर्ण दोन वर्षं लादणारा आदेश रद्द केला. म्हणून परतल्यावरच्या शिक्षेवर वाद घालण्याआधी मूळ आदेश तपासावा. त्यावर राज्य सरकारकडे तीस दिवसांत अपील करता येतं.