पडदा, पेटारा आणि काळी काच

चौथीच्या वर्गात दर वर्षी आग्र्याहून सुटकेचा धडा येतो आणि दर वर्षी सारा वर्ग श्वास रोखून बसतो. १६६६ सालचा ऑगस्ट महिना, मिठाईचे पेटारे, पहाऱ्यावरचे शिपाई आणि त्यांच्या नाकासमोरून निसटलेले महाराज! घंटा झाली तरी मुले जागची हलत नाहीत. परंतु गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला पेचात पकडले. ती म्हणाली, "गुरुजी, ते शिपाई आधी पेटारे उघडून बघत होते ना? मग नंतर का नाही बघितले?"

"सवय झाली, बाळ," मी म्हणालो. "रोज झाकण उघडायचे आणि रोज मिठाईच निघायची. शेवटी कंटाळले."

उत्तर खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते हे मला त्याच संध्याकाळी कळले. मी वडापच्या जीपमधून घरी परतत होतो. वाटेतल्या नाक्यावर शिपायाने आमची जीप अडवली, टपावरची गाठोडी चाचपली, एका म्हातारीची भाजीची पाटीसुद्धा वाकून पाहिली. तेवढ्यात मागून एक लांबलचक पांढरी मोटार आली. तिच्या काचा अशा काळ्या, की आत माणूस आहे की नुसता अंधार आहे ते कळू नये. शिपायाने टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि अडसर वर केला. आत कोण होते? ते आम्हांला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या शिपायालाही ठाऊक नव्हते. त्याने माणसाला नव्हे, काळ्या काचेला सलाम केला होता.

वाचकहो, वाहनाला पडदा असणे हा आपल्याकडे फार जुन्या काळापासून मानाचा विषय आहे. पेशवाईत कुणीही उठावे आणि पालखीत बसावे असे नव्हते; पालखीचा मान सरकारातून मिळावा लागे आणि तिच्या खर्चाची नेमणूकही होई. घरंदाज स्त्रियांसाठी बंदिस्त मेणा असे. तो वाटेने चालला की लोक आपण होऊन बाजूला होत. पडदा सारून आत पाहण्याची कुणाची छाती होत नसे. पुढे मोटारी आल्या, तेव्हा संस्थानिकांनी राणीवशासाठी विलायतेहून खास मोटारी मागवल्या. त्यांच्या खिडक्यांना पडदे असत, काहींच्या काचाच धुरकट असत. भोई गेले, पेट्रोल आले. पण ज्याच्याकडे कुणी पाहू शकत नाही तो मोठा, हा समज मात्र मेण्यातून उतरून मोटारीत जाऊन बसला.

कायदाही मोटारीच्या मागोमाग धावतच होता. हिंदुस्थानभर लागू झालेला पहिला मोटार कायदा १९१४ सालचा. त्यानंतर १९३९ चा आणि मग १९८८ चा. या शेवटच्या कायद्याखाली जे केंद्रीय नियम झाले, ते १ जुलै १९८९ पासून अमलात आले. त्यांतल्या शंभराव्या नियमात काचेचे माप सांगितले आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के. शिवाय काच तशीच राखलीही पाहिजे. म्हणजे कारखान्यातून नियमाची काच आणायची आणि घरी येऊन तिच्यावर काजळ फासायचे, असे चालायचे नाही.

चालले मात्र तसेच! नव्वद सालानंतर मोटारी वाढल्या आणि काळी फिल्म चिकटवून देणारी दुकाने जागोजाग निघाली. फिल्म लावणारे सारेच काही लबाड नव्हते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. विदर्भातल्या मे महिन्याचे ऊन ज्याने सोसले आहे, तो सावलीला गुन्हा म्हणणार नाही. लेकुरवाळ्या बाईला रस्त्यावरच्या रोखलेल्या नजरांपासून थोडा आडोसा हवासा वाटला, तर तिला दोष कोण देईल?

पोलिसांची अडचणही मोठी गमतीची होती. काचेतून ५० टक्के प्रकाश जातो की ४५, हे नुसत्या डोळ्यांनी कोण सांगणार? त्यासाठी यंत्र लागते, आणि ते काही शिपायाच्या खिशात नसते. जो नियम मोजता येत नाही, तो माणूस पाहून लावला जातो. गरिबाची काच अधिक काळी दिसते आणि श्रीमंताची फिकी!

अखेर कोलकात्याच्या एका नागरिकाने जनहित याचिकेच्या रूपाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. २७ एप्रिल २०१२ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या पीठाने निकाल दिला. काळ्या काचांआड गुन्हे घडतात, धावत्या मोटारीत स्त्रियांवर अत्याचार होतात आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही, याची न्यायालयाने गंभीर दखल घेतली. कारखान्यात तयार होतानाच मापात बसणारी रंगछटा असलेली काच चालेल. पण वरून चिकटवलेली फिल्म, मग ती कितीही फिकी असो, चालणार नाही, असे ठरले. यंत्राची कटकटच उरली नाही. काचेच्या कडेला नख लावले आणि कागद सुटला, की गुन्हा सिद्ध!

बंदी ४ मेपासून लागू झाली. ऐन वैशाखात चौकाचौकांत पोलीस पाते घेऊन काचा खरवडू लागले. फिल्म विकणाऱ्यांनी पुन्हा न्यायालयात धाव घेतली, ती ऑगस्टमध्ये व्यर्थ गेली. नुसता दंड करून थांबू नका, फिल्म तिथल्या तिथे काढून टाका, असे न्यायालयाने बजावले. सवलतीची वाट राहिली ती 'झेड' आणि 'झेड प्लस' संरक्षण असणाऱ्यांना, आणि तीही समितीच्या विचारावर अवलंबून. पालखीचा मान पुन्हा सरकारातूनच मिळू लागला म्हणायचा!

आणि त्याच वर्षी, १६ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत ते भयंकर घडले. त्याची उजळणी या सणाच्या पानांत करीत नाही. एवढेच सांगतो, की त्या बसच्या काचा काळ्या होत्या, आत पडदे होते, आणि निकालाला आठ महिने होत आले असताना ती बस राजधानीच्या हमरस्त्यांवरून फिरत राहिली. कुणी तिला अडवले नाही. कायदा होता, निकाल होता, शिपायांना आज्ञा होती. नव्हता तो फक्त हात वर करून 'थांब' म्हणणारा माणूस.

पुढे कायद्याने आणखी वळणे घेतली. अशा गुन्ह्याला पहिल्या खेपेस १०० रुपये दंड होता, तो २०१९ च्या सुधारणेने ५०० झाला. नियमातील शब्द बदलले आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या प्रकारच्या सुरक्षित काचांना जागा मिळाली. त्याच आधारावर केरळच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला, की ७० आणि ५० टक्क्यांचे माप पाळणारी फिल्म लावल्यास दंड करता येणार नाही. म्हणजे नखाचे काम पुन्हा यंत्राकडे आले, आणि यंत्र नसेल तिथे पुन्हा डोळ्याकडे.

मला स्वतःला या निर्णयाचे वाईट वाटत नाही. उन्हाला आडोसा हवाच. पण अर्धा प्रकाश आत गेला पाहिजे, या मापात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते. आतल्याला सावली मिळावी आणि बाहेरच्याला आत माणूस आहे एवढे दिसावे, असा हा तह आहे. मात्र तो पाळून घेणाऱ्याने म्हातारीच्या पाटीत जेवढे वाकून पाहिले, तेवढेच पांढऱ्या मोटारीतही पाहिले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलीला उभे केले आणि म्हणालो, "काल मी अर्धेच सांगितले. शिपाई सवयीने बघायचे थांबतात, हे खरे. पण कधी कधी ते भीतीनेही थांबतात. आत कोणी मोठा असेल, अशी भीती."

तिने क्षणभर विचार केला. "पण गुरुजी, आत कोण आहे हे बघितल्याशिवाय तो मोठा आहे हे कसं कळतं?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. यंदा आमच्या शाळेत मुलांनी आकाशकंदील केले, तेव्हा तिने आपल्या कंदिलाला पांढरा, पातळ कागद लावला होता. इतरांचे कंदील अधिक रंगीत होते. पण आतला दिवा तिच्याच कंदिलात सर्वांत स्वच्छ दिसत होता.