रस्किन कुटुंबाचे देशाटन

देशाटनाने माणूस शहाणा होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. गंगेची कावड रामेश्वरास नेणारा आपला यात्रेकरू आणि रोमची देवळे पाहावयास निघालेला युरोपीय प्रवासी ह्यांच्या मनोवृत्तीत पुष्कळ अंतर असेल. परंतु काही स्थळांचे माहात्म्य नुसते ऐकून कळत नाही, तेथे स्वतः जावे लागते, ही गोष्ट दोघांनाही मान्य होती. नेपोलियनची युद्धे १८१५ साली संपली आणि युरोपचे रस्ते मोकळे झाले. पूर्वी केवळ उमरावांच्या मुलांना घडणारी सफर इंग्लंडातील व्यापाऱ्यांच्या कुटुंबांनाही साध्य झाली. अशाच एका कुटुंबाची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. लंडनचे मद्याचे व्यापारी जॉन जेम्स रस्किन, त्यांची पत्नी मार्गारेट आणि त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन, असे हे कुटुंब. ह्या मुलाने पुढे आपल्या पिढीला जुन्या इमारतींकडे आणि चित्रांकडे पाहावयास शिकवले. असे असूनही त्याच माणसाने हिंदी कलेविषयी दिलेला निवाडा मात्र अत्यंत एकांगी होता. ज्याला इतके दिसले त्याला हे का दिसले नाही, हा आमचा आजचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर ह्या कुटुंबाच्या प्रवासांतच सापडते असे आम्हांस वाटते.

जॉनचा जन्म ८ फेब्रुवारी १८१९ चा. वडील 'रस्किन, टेलफर्ड आणि डोमेक' ह्या पेढीचे भागीदार. स्पेनची शेरी इंग्लंडात आणून विकणे हा पेढीचा धंदा. उन्हाळ्यात ते गिऱ्हाइकांच्या मागण्या घेण्यासाठी गावोगाव हिंडत आणि बायकोमुलाला बरोबर नेत. वाटेत एखादा किल्ला, एखादे जुने देऊळ, एखाद्या सरदाराच्या वाड्यातील चित्रे पाहावयाची, हा क्रम ठरलेला. आई कडक प्रॉटेस्टंट. रोज सकाळी मुलाकडून बायबल वाचून घ्यायचे, शेवटचे पान झाले की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा, असा तिचा नेम होता. मुलाने मोठेपणी धर्मोपदेशक व्हावे अशी तिची इच्छा. वडिलांना काव्याचा आणि चित्रांचा नाद. एकाच ओळीकडे पुन्हापुन्हा लक्ष देण्याची शिस्त आईने लावली, आणि सुंदर वस्तूपुढे थांबण्याची सवय वडिलांनी. पुढच्या सगळ्या व्यासंगाचा पाया घरातच असा घातला गेला.

तेराव्या वाढदिवशी, म्हणजे १८३२ साली, पेढीचे भागीदार हेन्री टेलफर्ड ह्यांनी जॉनला सॅम्युअल रॉजर्स ह्या कवीचे 'इटली' हे पुस्तक भेट दिले. त्यात टर्नर ह्या थोर चित्रकाराची छोटी छोटी चित्रे होती. पुढच्या वर्षी वडिलांनी सॅम्युअल प्राउटच्या फ्लँडर्स आणि जर्मनीतील देखाव्यांचा संग्रह घरी आणला. बापलेक ती चित्रे चाळण्यात रंगलेले पाहून आईनेच सुचवले की, ही स्थळे प्रत्यक्ष जाऊन का पाहू नयेत? झाले! मे १८३३ मध्ये आईबाप, मुलगा, चुलतबहीण मेरी, दाई अॅन आणि साल्वादोर नावाचा वाटाड्या असा लवाजमा निघाला. गाडी चार घोड्यांची, आत वह्यापुस्तकांसाठी कप्पे. रोजची मजल चाळीस-पन्नास मैलांची, आणि तीही दुपारच्या जेवणाला मुक्काम गाठता येईल अशा बेताची. वडील टिपणवही लिहीत, मेरीही लिही, आणि जॉन रॉजर्सच्या धर्तीवर प्रवासाची पद्ये रची. ऱ्हाइनच्या काठाने ते शाफहाउझेनला पोहोचले, आणि तेथे सूर्यास्ताच्या सुमारास फिरता फिरता मुलाला आल्प्सच्या रांगेचे पहिले दर्शन घडले. ह्या एका संध्याकाळीने आपल्या आयुष्याची दिशा ठरली, असे तो म्हातारपणीही मानीत असे.

ह्या प्रवासांत स्नेह्यांच्या भेटी देवळांइतक्याच महत्त्वाच्या होत्या. पॅरिसमध्ये भागीदार डोमेक ह्यांच्या घरी रस्किन मंडळींचा पाहुणचार झाला. पुढे १८३६ साली डोमेकांच्या मुली लंडनला राहावयास आल्या आणि त्यांतील आदेल हिच्यावर जॉनचे मन जडले. मुलगी कॅथलिक, आणि आईचा कॅथलिक पंथाला कडवा विरोध. शिवाय त्या मुलीलाही ह्या लाजऱ्या मुलाची गोडी नव्हती. १८४० साली तिचे लग्न दुसरीकडे झाले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये शिकत असता जॉनच्या खोकल्यातून रक्त पडले. आईबापांनी त्याला शिक्षणातून सोडवले आणि सप्टेंबरात हवापालटासाठी इटलीला नेले. रोममध्ये कवी कीट्सची अखेरची शुश्रूषा करणारा जोसेफ सेव्हर्न आणि चित्रकार जॉर्ज रिचमंड ह्यांच्याशी त्याचा स्नेह जमला. परंतु रोमने त्याची निराशाच केली. आजारी शरीर, प्रेमभंगाने खचलेले मन आणि सतत जपणारे आईबाप ह्यांच्या मध्ये बसून तो चित्रे काढी, पण त्याचे डोळे अजून स्वतंत्र झाले नव्हते.

ते झाले १८४५ साली. सव्वीस वर्षांचा हा मुलगा आईबापांना मागे ठेवून प्रथमच युरोपात गेला. बरोबर जॉर्ज नावाचा नोकर आणि शामोनीचा अनुभवी वाटाड्या जोसेफ कुते. वडिलांना जवळजवळ रोज पत्र जाई, म्हणजे कुटुंब बरोबर नव्हते तरी होतेच! लुक्का येथील मुख्य देवळात इलारिया देल कार्रेत्तो हिची समाधी आहे. ही १४०५ साली निवर्तली आणि याकोपो देल्ला क्वेर्चा ह्या शिल्पकाराने तिला संगमरवरात निजवले; पायांशी तिचा कुत्रा मान वर करून बसला आहे. ह्या मूर्तीपुढे रस्किन पुन्हापुन्हा जाऊन बसला. दगडात शोक किती शांतपणे सांगता येतो, हे त्याला तेथे उमगले. पिसाच्या कांपो सांतोमध्ये तो भिंतींवरील चित्रांच्या नकला करीत राहिला. व्हेनिसमध्ये सान रोक्को ह्या धर्मसंघाच्या वास्तूत टिंटोरेट्टोची प्रचंड चित्रे पाहून तो अक्षरशः दिपून गेला. त्या चित्रकाराचे खरे मोल तोपर्यंत इंग्लंडात फार थोड्यांना माहीत होते.

पुढच्या वर्षी, १८४६ साली, तो आईबापांना घेऊन पुन्हा इटलीत गेला. ज्यांनी त्याला जग दाखवले त्यांना आता तो आपले जग दाखवू लागला. वडिलांना मात्र थोडे वाईट वाटले. पूर्वी मुलगा सबंध देखाव्याची सुरेख चित्रे काढी, ती भिंतीवर लावता येत. आता वहीत कोठे खांबाचा माथा, कोठे कमानीचा तुकडा, आणि तेही सामान्य माणसाला न कळणारे. अशी प्रेमळ तक्रार त्यांनी एका स्नेह्याला लिहिली. वस्तुतः हे तुकडे म्हणजे तातडीने केलेली नोंद होती. व्हेनिसपर्यंत रेल्वेचा पूल नुकताच झाला होता, आणि जुन्या दर्शनी भिंती दुरुस्तीच्या नावाखाली खरवडल्या जात होत्या. ह्या घाईचे मर्म पुढच्या शतकाने आणखी पटवले. पिसाच्या त्याच कांपो सांतोचे छप्पर २७ जुलै १९४४ रोजी तोफगोळ्याने पेटले आणि ती भित्तिचित्रे फार मोठ्या प्रमाणात बिघडली.

१८४९-५० आणि १८५१-५२ असे दोन हिवाळे त्याने पत्नी एफी हिच्यासह व्हेनिसमध्ये काढले. ऑस्ट्रियाच्या वेढ्यापुढे शहराने नुकतीच शरणागती पत्करली होती. एफी मेजवान्यांना जाई. हा शिडी लावून कमानी मोजी, डोक्यावर काळे कापड घेऊन छायाचित्रे घेई आणि भोवती बघ्यांची गर्दी जमे. लग्न टिकले नाही. १८५४ साली ते रद्द झाले. ग्रंथ टिकला. 'व्हेनिसचे पाषाण' हा ग्रंथ १८५१ ते १८५३ ह्या काळात तीन खंडांत निघाला. गॉथिक शैलीविषयीच्या त्यातील प्रकरणात त्याने विचारले की, हा दगड घडवणारा माणूस काम करताना स्वतंत्र होता काय? सफाई कमी असली तरी चालेल, पण कारागिराच्या हातात त्याची स्वतःची बुद्धी असावी. वास्तुकलेच्या परीक्षणात कारागिराच्या सुखदुःखाला असे मध्यवर्ती स्थान मिळाले, हे फार मोठे पाऊल होते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. जानेवारी १८५८ मध्ये, सत्तावन्नच्या उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड खवळलेले असता, रस्किनने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात व्याख्यान दिले. ते पुढच्या वर्षी 'दोन मार्ग' ह्या पुस्तकात आले. हिंदी लोकांची रंगांची आणि नक्षीची समज नाजूक आहे हे त्याने मान्य केले. परंतु ही कला निसर्गातील खरी वस्तू कधी रेखाटीत नाही, म्हणून ती माणसाला क्रौर्यापासून वाचवत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ह्या विधानाचा पहिला भाग तपासणे कठीण नव्हते. जॉन रस्किन जन्मला त्याच १८१९ साली काही इंग्रज अधिकाऱ्यांना अजिंठ्याची लेणी आढळली होती. तेथील हत्ती, माकडे, हंस आणि कमळे निसर्गाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांनीच रंगवलेली आहेत. जेम्स फर्ग्युसनने ह्या लेण्यांविषयी १८४३ साली लंडनच्या विद्वानांपुढे निबंध वाचला होता. मेजर रॉबर्ट गिलने त्या चित्रांच्या नकला करण्यात पुढे कित्येक वर्षे घालवली. लंडनजवळ सिडनहॅमला मांडलेल्या त्याच्या नकला १८६६ सालच्या आगीत जळाल्या. क्रौर्याचे म्हणावे, तर ह्या व्याख्यानानंतर तीनच महिन्यांनी इंग्रज फौज झाशीत शिरली. तिने केलेली कत्तल वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांनी शहरात असताना अनुभवली आणि 'माझा प्रवास' ह्या, १९०७ साली छापलेल्या, पुस्तकात नोंदवली.

रस्किन हिंदुस्थानात कधीच आला नाही. इटलीतील एका खांबाच्या माथ्याविषयी चार ओळी लिहिण्यापूर्वी शिडीवर चढणारा हा माणूस, एका खंडप्राय देशाच्या कलेविषयी वर्तमानपत्रांच्या आणि पेट्यांत मांडलेल्या वस्तूंच्या आधाराने बोलून गेला. आम्हांस येथे त्याच्या बुद्धीची उणीव दिसत नाही. त्याने स्वतःच घालून दिलेली रीत त्या दिवशी त्याने पाळली नाही, एवढेच दिसते. कुटुंबाची गाडी जेथवर गेली तेथवर त्याची नजर न्यायी होती. आणि लुक्काला कॅथलिक देवळात बसताना ह्या प्रॉटेस्टंट घरातल्या मुलाने आईचे पूर्वग्रहही बाजूला ठेवले होते. समोर वस्तू असली की तो पूर्वग्रहाला शरण जात नसे. वस्तू समोर नसली की त्याचाही नाइलाज होई.

ह्या गोष्टीला मुंबईत एक विलक्षण उत्तर मिळाले. व्हेनिसच्या गॉथिक शैलीची जी हौस रस्किनच्या ग्रंथांनी इंग्लंडात वाढवली, ती पुढच्या काही वर्षांत मुंबईला पोहोचली. कर्नल विल्किन्सचे जुने सचिवालय १८७४ साली पुरे झाले; फ्रेडरिक स्टीव्हन्सचे बोरीबंदरचे स्थानक, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली. त्या स्थानकाच्या नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. तेथल्या दगडांत मोर आणि इतर पशुपक्षी आहेत, पानेफुले आहेत. ज्या लोकांना निसर्ग रेखाटता येत नाही असे म्हटले गेले, त्यांनीच ते काम केले. रस्त्यावरून जाताना मान वर केली तर हे उत्तर कोणालाही वाचता येते.

दुसरा संबंध गांधीजींचा. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला निघताना हेन्री पोलाक ह्यांनी त्यांच्या हाती रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' दिले. १८६० साली एका मासिकात चार लेख येताच वाचकांच्या रोषामुळे बंद पडलेली ही लेखमाला. त्या वाचनातून फिनिक्सचा आश्रम निघाला आणि १९०८ साली 'सर्वोदय' हा गुजराती सारांश. गांधीजींना रस्किनचा १८५८ चा निवाडा स्वीकारण्याचे कारण नव्हते. व्हेनिसच्या पाथरवटाकडे पाहताना त्याला जे श्रमाचे मोल कळले होते, तेवढे त्यांनी उचलले.

१८५९ साली आईबाप आणि मुलगा जर्मनीतील चित्रसंग्रह पाहून आले. तिघांचा तो शेवटचा प्रवास. १८६४ साली वडील आणि १८७१ साली आई निवर्तली. वडिलांनी मुलाला लाखाहून अधिक पौंडांची संपत्ती ठेवली, आणि मुलाने तिचा मोठा भाग दानधर्मात, संग्रहालयांत आणि कारागिरांसाठीच्या कार्यात खर्च केला. खरा वारसा मात्र त्या चार घोड्यांच्या गाडीतला आहे: सावकाश जाणे, थांबणे, वस्तूपुढे बसून राहणे आणि मग बोलणे. आज आमच्यापैकी पुष्कळांना परदेश पाहणे सुलभ झाले आहे. एका दिवसात तीन शहरे उरकणाऱ्यांनी, आणि न पाहिलेल्या लोकांविषयी एका वाक्यात निकाल देणाऱ्यांनीही, ह्या कुटुंबाची दोन्ही उदाहरणे, अनुकरणाचे आणि सावधगिरीचे, मनात ठेवावीत, एवढेच आमचे मागणे आहे.