वऱ्हाडातील स्थलांतरित भांडवल आणि पेढी
अमेरिकेने १९९० साली गुंतवणूकदारांसाठी 'ईबी-५' व्हिसा सुरू करताना किमान १० पूर्णवेळ रोजगारांची अट घातली. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात भांडवल घेऊन आलेल्यांवर असे कोणतेही बंधन नव्हते. १८५३ मध्ये निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१-६५ च्या अमेरिकन यादवीने कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये अकोला-बडनेरामार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. मारवाडातून आलेल्या व्यापाऱ्यांनी अकोला-अमरावतीत पेढ्या घातल्या. पेढी हीच त्यांची गुंतवणूक संस्था. मालक दूर असला तरी मुनीम कारभार पाही. कापसावर उचल दिली जाई, तारण मात्र जमिनीचे असे. नव्या जमाबंदीने जमीन हस्तांतरणीय केल्यामुळेच हे तारण मोलाचे ठरले. १८९७ च्या कायद्याने कापूसबाजाराला नियम लागले. सावकारी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.