मंद आचेवरचा स्वयंपाक : स्लो कुकर, कॅसरोल आणि खारपाणपट्ट्याचे पाणी

जळगाव जामोद : मराठी घरात ‘कॅसरोल’ म्हटले की पोळ्या गरम ठेवण्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आहे. झाकणाचे जाड, खोलगट भांडे आणि त्या भांड्यात मंद धगीवर शिजलेला पदार्थ, या दोहोंनाही पाश्चात्त्य देशांत कॅसरोल म्हणतात. स्लो कुकर हा त्याचाच विजेवर चालणारा भाऊबंद. सकाळी साहित्य भरून बटण फिरवायचे आणि संध्याकाळी घरी परतल्यावर पाने वाढायची, असे त्याचे साधे तंत्र. अमेरिकेतील अनेक मराठी घरांत आमटी-उसळीसाठी तो वापरला जातो. आता तो तालुक्याच्या गावीही घरपोच मागवता येतो. (पत्ता लिहिताना ‘जामोद’ हा शब्द विसरू नये. खानदेशातील जळगावशी गल्लत होऊ नये म्हणूनच शेजारच्या गावाचे ते नाव आपल्या गावाला जोडलेले आहे.) मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी हे उपकरण उपयोगी पडेल का, याचे उत्तर पाककृतीच्या पुस्तकात मिळत नाही. ते नळाला येणाऱ्या पाण्यावर आणि तारेतून येणाऱ्या विजेवर अवलंबून आहे.

तंत्र जुनेच

मंद आचेवर अन्न शिजवणे आपल्याकडे नवे नाही. मुख्य चुलीवर भाकरी होत असताना शेजारच्या वैलावर वरणाचे मडके किंवा दुधाचे पातेले तासन् तास राहत असे. वऱ्हाडातले रोडगे हे तर याचे ठळक उदाहरण. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात सोडायचे, वरून गरम राख ओढायची आणि वांग्याची भाजी व वरण होईपर्यंत त्यांच्याकडे फारसे पाहायचे नाही. रायगड जिल्ह्यातील पोपटी याच कुळातली. हिवाळ्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा मडक्यात भरून भोवती जाळ केला जातो.

या तत्त्वाची उपकरणेही भारतात पूर्वीच तयार झाली. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ बनवला. जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक पुडे, त्यांच्या भोवती वाफ आणि तळाशी कोळसा, अशी त्याची रचना होती. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ‘सराई’ कुकर तयार केला. शे-दीडशे ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर त्यात एका कुटुंबाचा वरण-भात-भाजी होते. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी याच संस्थेला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता.

विजेच्या स्लो कुकरचा जन्म अमेरिकेतला. आयर्विंग नॅक्सन यांनी १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मंजूर झाले. लिथुआनियातील ज्यू कुटुंबे शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी घेवडा व मांसाचे भांडे गावातल्या भट्टीत ठेवून येत आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजत असे. ही हकिकत नॅक्सन यांनी आईकडून ऐकली होती. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे यंत्र बाजारात आणले.

आत काय घडते

प्रेशर कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे पाण्याचे तापमान सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत जाते. स्लो कुकरमध्ये दाब नसतो. त्यातील अन्न हळूहळू तापत उकळीच्या किंचित खाली, पंचाण्णव अंशांच्या आसपास स्थिरावते. ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन खुणांमधला मुख्य फरक तेथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा आहे. हायवर तीन-चार तासांत होणारा पदार्थ लोवर सात-आठ तास घेतो. दोनशे वॉटचा कुकर आठ तास अखंड चालला तरी १.६ युनिट वीज लागते, म्हणजे खर्च भीतीदायक नाही.

या संथपणाचा सर्वाधिक फायदा मटणाला होतो. मांसातील चिवट तंतू सत्तर-ऐंशी अंशांच्या वर काही तास राहिले की विरघळतात आणि रस्सा दाट होतो. जोरदार उकळीत तेच मांस वरून आक्रसते. कडधान्याची साले न फुटता दाणा मऊ होतो, हा दुसरा लाभ. भाज्यांच्या बाबतीत मात्र या यंत्राचे कौतुक जरा अधिकच होते, असे म्हणावे लागेल. भेंडी, दोडके, मेथी यांना आठ तास उष्णता देण्यात काही शहाणपण नाही.

डाळ का शिजत नाही

जळगाव जामोद तालुक्याचा उत्तरेकडचा भाग सातपुड्याला टेकलेला आहे, तर दक्षिणेकडे उतरत गेले की पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरी व बोअरचे पाणी खारट आणि अनेक ठिकाणी जड असते. ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’ ही इथल्या गृहिणींची तक्रार पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि ती शास्त्राला धरून आहे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे क्षार डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनशी बांधले जातात. हा सांधा मग सहज सुटत नाही आणि दाणा कडकच राहतो.

प्रेशर कुकर जादा उष्णतेच्या बळावर या पाण्यावर बऱ्याच अंशी मात करतो. दोन शिट्ट्या जास्त घेतल्या की काम भागते. स्लो कुकरकडे ते बळ नाही. सकाळी बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ टाकून निघून गेलेल्या माणसाला संध्याकाळी कोमट पिवळ्या पाण्यात बुडालेली टणक डाळ मिळण्याची शक्यता मोठी. परदेशी पुस्तकांतील वेळापत्रके इथे फसतात ती यामुळे.

उपाय साधा आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावे पाणीपुरवठा योजना आखली गेली. त्या योजनेचे गोडे पाणी घरी येत असेल तर ते भिजवायला आणि शिजवायला राखून ठेवावे आणि बोअरचे पाणी भांडी घासायला वापरावे. आरओ यंत्राचे पाणीही चालते, कारण त्यातील बहुतांश क्षार निघून गेलेले असतात. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची जुनी रीत डाळ मऊ करते हे खरे, पण सोड्याने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यामुळे रोजच्या वरणात तो नको. चिंच, आमसूल, टोमॅटो, अंबाडी ही आंबट मंडळी डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावीत; आंबटपणाही पेक्टिनचा सांधा घट्ट करतो. आणखी एक गोष्ट दुकानातच पाहून घ्यावी. उष्ण हवेत दीर्घकाळ साठवलेली जुनी डाळ कोणत्याही पाण्यात उशिरा शिजते. स्लो कुकरसाठी चालू हंगामातली डाळ घ्यावी.

राजम्याबाबत हयगय नको

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हा विषारी घटक असतो. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व जुलाब सुरू होण्यास पुरेसे ठरू शकतात. खळखळत्या उकळीत हा घटक नष्ट होतो. ऐंशी अंशांपर्यंतच तापवल्यास मात्र तो कमी होण्याऐवजी अधिक प्रखर होऊ शकतो, आणि स्लो कुकर दीर्घकाळ नेमका त्याच टप्प्यात रेंगाळतो. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास चांगला उकळावा आणि त्यानंतरच स्लो कुकरमध्ये घालावा. इतर मोठ्या कडधान्यांनाही हीच दहा मिनिटांची उकळी द्यावी. प्रेशर कुकरवर वाढलेल्या आपल्या पिढीला ही अडचण ठाऊक नाही, कारण तिथे ती आपोआप सुटत होती.

वीज गेली तर

२००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. ते दिवस सरले असले तरी वादळवाऱ्यात तार तुटली की तासन् तास अंधार होतो. पाच ते साठ अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. अर्धवट शिजलेले अन्न बंद पडलेल्या स्लो कुकरमध्ये राहिले तर ते याच पट्ट्यात अडकते. घरात कुणी असेल तर पदार्थ लगेच गॅसवर पुरा करावा. घरात कुणी नव्हते आणि वीज किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर पदार्थ वरून शिजलेला दिसला तरी टाकून द्यावा. मटण फेकणे जिवावर येते, पण अशा अन्नातील काही विषे पुन्हा उकळूनही जात नाहीत. घड्याळ लावून चार तासांनी कुकर सुरू करण्याची युक्तीही वैशाखात टाळावी. चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी कच्चे साहित्य भांड्यात पडून राहणे म्हणजे जंतूंना आमंत्रणच. डाळीही त्या दिवसांत चार-पाच तासांहून अधिक भिजवू नयेत, त्या आंबतात.

पोळ्यांच्या डब्याचा उपयोग

यंत्र विकत घेण्यापूर्वी घरातला कॅसरोल वापरून पाहावा. युरोपात गवत भरलेल्या पेटीत उकळते भांडे ठेवून अन्न शिजवण्याची पद्धत होती. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची अशी पेटी मांडली गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधन वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये ती पुन्हा वापरात आली. आतून स्टीलचा, जाड भिंतीचा मोठा कॅसरोल हेच काम करतो. आतून प्लास्टिक असेल तर उकळता पदार्थ थेट ओतू नये.

आधी डब्याची परीक्षा घ्यावी. उकळते पाणी काठोकाठ भरून झाकण लावावे आणि दोन तासांनी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान पाहावे. ते साठ अंशांच्या खाली उतरले असेल तर तो डबा पोळ्यांपुरताच ठेवावा. टिकले असेल तर भातापासून सुरुवात करावी. अर्धा तास भिजवलेले तांदूळ दुप्पट पाण्यात उकळून पाच मिनिटे शिजवावेत, गॅस बंद करून ते गरम पाण्याने विसळलेल्या डब्यात घालावेत आणि वरून जाड चादर गुंडाळावी. पाऊण तासात भात तयार होतो. भिजवलेले अख्खे मूग दहा मिनिटे उकळून असेच ठेवले तर तास-दीड तासात मऊ होतात. वाढण्यापूर्वी मात्र पुन्हा खळखळून उकळावेत. भांडे भरलेले असावे, कारण थोडे अन्न लवकर निवते. मांसासाठी ही पद्धत वापरू नये.

रात्रीच्या जेवणासाठी

स्लो कुकर निम्म्याहून अधिक, पण दोन तृतीयांशाच्या आत भरावा. पाणी गरमच घालावे. वाफ बाहेर जात नसल्याने ते नेहमीपेक्षा एक तृतीयांश कमी पुरते. झाकण उघडण्याचा मोह आवरावा. एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यायला सुमारे वीस मिनिटे जातात.

पहिल्या दिवशी अख्खा मसूर करावा, तो चुकत नाही. एक वाटी मसूर चार तास भिजवून दहा मिनिटे उकळावा, तीन वाट्या गरम पाणी व हळद घालून लोवर सहा तास ठेवावा. लसूण, जिरे, लाल तिखटाची फोडणी आणि आमसूल शेवटी घालावे. फोडणी सकाळीच घातली तर लसणाचा वास दिवसभरात विरून जातो.

वऱ्हाडी मटण रश्शासाठी अर्धा किलो मटण, भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस व गरम मसाल्याचे वाटण गॅसवर तेल सुटेपर्यंत परतावे. ही पायरी गाळू नये, अन्यथा रश्शाला कच्चट वास येतो. दीड पेला उकळते पाणी घालून हायवर चार-पाच तास किंवा लोवर सात-आठ तास ठेवावे. गोठवलेले मटण आधी फ्रीजमध्ये पूर्ण वितळवून घ्यावे.

अंबाडीची भाजी या यंत्रात विशेष उतरते. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या गोड्या पाण्यात हायवर चार तास शिजवाव्यात. अंबाडीचा पाला वेगळा उकडून पाणी पिळून टाकावे, डाळ बोटाने चेपली जाते याची खात्री करून मगच तो घालावा आणि अर्ध्या तासाने सारे रवीने घोटावे. वरून लसूण व सुक्या मिरचीची भरपूर फोडणी हवी.

खऱ्या अर्थाचा कॅसरोल, म्हणजे थरांचा पदार्थ, ओव्हनशिवायही होतो. जाड बुडाच्या पातेल्यात मसाला भरून परतलेली वांगी आणि त्यावर निम्मा-अधिक शिजलेला भात पसरावा, झाकणाची कड कणकेने बंद करावी आणि पातेले तव्यावर ठेवून बारीक आचेवर अर्धा तास राहू द्यावे.

भाकरी मात्र यातल्या कशातच होत नाही. ती आयत्या वेळी थापावी लागते. जेवणानंतर उरलेले अन्न कुकरच्या जाड भांड्यात तसेच ठेवू नये, ते फार सावकाश निवते. पसरट ताटलीत काढून दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रीजमध्ये ठेवावे.