जर्मनीतील खासगी आरोग्यविमा : स्वस्त हप्त्यामागचा हिशेब

उच्च शिक्षणासाठी आणि नोकरीनिमित्त जर्मनीला जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. व्हिसा, घर, भाषा यांची चौकशी बारकाईने केली जाते. आरोग्यविम्याचा अर्ज मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात, मित्राने सुचविलेल्या कंपनीकडे घाईने भरला जातो. या एका अर्जाचे परिणाम पुढे वीस-पंचवीस वर्षे भोगावे लागू शकतात, याची कल्पना फारच थोड्यांना असते.

बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, जर्मनीत कामगारांसाठी सक्तीचा आरोग्यविमा सुरू झाला. आज तेथील प्रत्येक रहिवाशाला विमा बंधनकारक आहे. तो दोन प्रकारचा असतो. पहिला सार्वजनिक निधींचा. या निधींना तेथे 'क्रांकेनकासे' म्हणतात. दुसरा खासगी कंपन्यांचा. आपल्याकडील मेडिक्लेमच्या सवयीने विचार करणाऱ्याला यातील फरक चटकन उमगत नाही. सार्वजनिक विम्यात पाच लाख, दहा लाख अशी विमा रकमेची मर्यादाच नसते आणि पूर्वीच्या आजारांमुळे कोणाला नाकारताही येत नाही. वर्गणी पगाराच्या प्रमाणात ठरते. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक निधीचा थोडा अधिभार. यातील निम्मा भार मालक उचलतो. कमावता नसलेला जोडीदार आणि मुले त्याच वर्गणीत, वेगळा पैसा न देता समाविष्ट होतात.

खासगी कंपनी मात्र पगार पाहत नाही. ती प्रवेशाच्या वेळचे वय, प्रकृती आणि निवडलेल्या सुविधा पाहते. साहजिकच अठ्ठावीस वर्षांच्या, ठणठणीत, अविवाहित आणि भरपूर पगाराच्या अभियंत्याला तिचा हप्ता आकर्षक वाटतो. तज्ज्ञ डॉक्टरांची भेट लवकर मिळते, रुग्णालयात स्वतंत्र खोली मिळू शकते, हेही खरे. पण नोकरदाराला हा मार्ग पगार ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असेल तरच खुला होतो. ही मर्यादा २०२५ मध्ये वार्षिक ७३,८०० युरो होती, २०२६ साठी ती ७७,४०० युरो आहे. त्याहून कमी पगार असणाऱ्याला सार्वजनिक विमा सक्तीचाच.

खरी मेख पुढे आहे. लग्न झाले, पत्नी भारतातून आली आणि तिला अजून नोकरी नसली, तर खासगी विम्यात तिचा हप्ता वेगळा. मूल झाले, त्याचाही वेगळा. बालसंगोपनाच्या बिनपगारी रजेत सार्वजनिक निधीच्या सक्तीच्या सभासदाला सामान्यतः वर्गणी भरावी लागत नाही. खासगी विमाधारकाचा हप्ता चालू राहतो आणि मालकाचा वाटाही थांबतो. दीर्घ आजारात मालक सहा आठवडे पगार देतो. त्यानंतर सार्वजनिक निधी आजारभत्ता देतो, तर खासगी विम्यात त्यासाठी निराळी तरतूद विकत घ्यावी लागते. नवजात बालकासाठी एक सवलत मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे : आई किंवा वडिलांचा खासगी विमा किमान तीन महिने जुना असेल आणि जन्मानंतर दोन महिन्यांच्या आत कळविले, तर कंपनीला बाळाची प्रकृती न तपासता त्याला सामावून घ्यावे लागते.

मग नको झाल्यास परत फिरता येते का? पंचावन्न वर्षांच्या आत पगार मर्यादेखाली गेला, तर सार्वजनिक विमा पुन्हा लागू होतो. पंचावन्ननंतर मात्र हे दार जवळजवळ बंदच होते. तरुण निवृत्तांच्या खर्चापासून दूर राहिले आणि म्हातारपणी सार्वजनिक निधीवर येऊन पडले, असे होऊ नये म्हणून कायद्याने ही भिंत उभी केली आहे. खासगी कंपन्या वार्धक्यासाठी हप्त्यातून राखीव रक्कम बाजूला ठेवतात. तरीही हप्ते वाढतात, आणि निवृत्तीनंतर उत्पन्न घटले म्हणून ते उतरत नाहीत.

विद्यार्थ्यांची गोष्ट याहून नाजूक. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीत, दरमहा दीडशे युरोच्या आसपास मिळतो. परदेशी पाहुण्यांसाठीच्या खासगी पॉलिसी त्याहून पुष्कळ स्वस्त असतात, म्हणून अनेक जण सार्वजनिक विम्यातून सूट मागून घेतात. ही सूट त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही. शिवाय अशा स्वस्त पॉलिसींना बहुधा मुदत असते आणि जुने आजार त्यातून वगळलेले असतात. पदवीनंतर नोकरी मिळेपर्यंतच्या काळात सार्वजनिक निधीत स्वेच्छेने शिरायचे, तर आधी तेथे ठरावीक काळ सभासद असावे लागते. नेमक्या त्याच वेळी आजार उद्भवला, तर शंभर युरोंची बचत फार महाग पडते. उलट जर्मनीत पहिलीच नोकरी मर्यादेपेक्षा अधिक पगाराची मिळाली, तर तीन महिन्यांच्या आत सार्वजनिक निधीचे सभासद होता येते. ही मुदत चुकवू नये.

खासगी विमाच घ्यायचा असेल, तर करार वाचताना हप्त्याआधी डॉक्टरांच्या शुल्काचे कलम पाहावे. खासगी रुग्णाला डॉक्टर शासकीय दरपत्रकाच्या पटीत बिल देतात. सर्वसाधारणपणे २.३ पट, कारण दिल्यास ३.५ पट. कंपनी किती पटीपर्यंत भरपाई देते, वरचा फरक कोणाच्या खिशातून जातो, वर्षाकाठी पहिली किती रक्कम आपणच सोसायची, दात व मानसोपचार यांचे काय, हे लेखी विचारावे. बिल बहुधा आधी स्वतः भरून मग कंपनीकडे पाठवावे लागते. अर्जात दमा, थायरॉइड, मधुमेह, इतकेच काय, पूर्वी घेतलेले समुपदेशनही दडवू नये; पुढे उघड झाल्यास कंपनी करारच रद्द करू शकते.

आईवडिलांना यातील कशातच सामावून घेता येत नाही. सार्वजनिक निधीची कुटुंब-सवलत जोडीदार आणि मुले यांच्यापुरतीच आहे. भेटीला येणाऱ्या पालकांसाठी शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. तो तातडीच्या उपचारांसाठी असतो. वडिलांच्या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत, त्या भारतातूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात.

दोन-तीन वर्षांसाठी भारतात परतून पुन्हा जर्मनीला जाण्याचा बेत असेल, तर खासगी विमा एकदम मोडू नये. अल्प शुल्क भरून तो गोठवून ठेवण्याची सोय बहुतेक कंपन्यांकडे असते. परतल्यावर नव्याने प्रकृती-तपासणी टळते. मात्र पूर्वीचे वय आणि साठलेली राखीव रक्कम टिकवायची असेल, तर शुल्क अधिक पडते.